बारा वर्षांच्या मुलीची पहिली हरणाची रायफल: आधी माप, मग धक्का, मग गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेनसिल्व्हेनियात राहणारी १२ वर्षांची मुलगी, उंची ४ फूट ९ इंच, वजन ८० पौंडांच्या आसपास. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलचा हरणांचा हंगाम उघडतो आणि यंदा तिला वडिलांबरोबर जायचंय. घरात वडिलांची .३०-०६ आहे (हे आकडे काडतुसांची नावं; रायफलही त्याच नावाने ओळखली जाते). शेजारी त्यांची जुनी .३०-३० द्यायला तयार आहेत, दुकानदार .२२३ सुचवतो, वडिलांच्या मनात .२४३ आहे. यातली कुठली, आणि तिच्यात काडतूस कुठलं?

.३०-०६ आत्ताच बाजूला ठेवा. बाकीच्यांबद्दल बोलता येईल, पण काडतुसाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं. नवशिक्याच्या हातून हरीण जखमी होऊन निसटतं ते बहुतेक वेळा गोळी लहान पडली म्हणून नाही, चुकीच्या जागी बसली म्हणून. आणि ती चुकीच्या जागी बसते कारण चाप दाबायच्या क्षणी पोर दचकतं. दचकण्याची कारणं तीन: बंदूक अंगाला बसत नाही, धक्का जास्त आहे, आवाज जास्त आहे. ही तीन कारणं घालवली की पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेशी पडणारी काडतुसं डझनभर निघतात.

मापापासून सुरुवात करा. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर बाजारातल्या मोठ्यांच्या रायफलींत साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. ४ फूट ९ इंचाच्या मुलीला १२ ते साडेबारा लागेल. पाहायची रीत सोपी आहे. बंदूक रिकामी आहे हे दोघांनी पाहायचं, बोल्ट (मागचा सरकता दांडा) उघडून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, बोट घालून. मग तिने कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर सहज आलं पाहिजे. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते: हे माप ऑगस्टमध्ये टी-शर्टवर घेतलं जातं आणि शिकार होते डिसेंबरच्या थंडीत, जाड कोट आणि त्यावर नारिंगी जॅकेट घालून. कोट सहज अर्धा-पाऊण इंच खातो. तेव्हा माप कोट घालूनच घ्या. उन्हाळ्यात सरावाला दस्ता किंचित आखूड वाटला तरी बिघडत नाही. लांब दस्ता मात्र बिघडवतो, कारण मग तो खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर सरकतो, पोर पाठीमागे झुकतं, आणि दुर्बिणीत पूर्ण गोल दिसावा म्हणून मान पुढे ताणतं. मान पुढे आली की डोळा दुर्बिणीच्या कडेजवळ जातो, आणि भुवईवर अर्धचंद्राची खूण उठते. एकदा तशी खूण उठली की पुढचे कित्येक बार वाया जातात.

दुसरी तपासणी डोळ्याची. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मध्ये छोटी त्रिकोणी फट करायला सांगा. तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरची एखादी वस्तू पाहायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो प्रबळ डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी निघाली तर या वयात डाव्या खांद्यावरून शिकवणं सोपं जातं. सवय पक्की झाल्यावर ते अवघड होतं. डाव्या हाताचे बोल्ट काही कंपन्या बनवतात, पण आखूड दस्त्यात पर्याय कमी. अशा वेळी मोडून उघडणारी एकनळी रायफल बरी, तिला डावं-उजवं काही नसतं.

गालाचं काय? लहान चेहरा दस्त्यावर टेकवला की डोळा दुर्बिणीच्या खाली राहतो. मग मूल गाल उचलून हनुवटीवर टेकतं आणि झटका जबड्यात बसतो. त्यावर बांधायची गादी मिळते. नाहीतर घडी केलेला फोम वर टेपने पक्का बसवला तरी चालतो. खूण एकच: डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग उघडायचे. दुर्बिणीत कडेला काळी कोर न दिसता पूर्ण गोल दिसला तर बसली.

वजन आणि धक्का यांची गोष्ट एकत्रच सांगायला हवी, कारण ‘मुलीला हलकी बंदूक’ या चांगल्या हेतूतूनच सगळ्यात जास्त नुकसान होतं. तेच काडतूस ८ पौंडांच्या रायफलीतून उडवलं आणि ६ पौंडांच्या रायफलीतून उडवलं तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. दुसरीकडे ९ पौंडांचं लोढणं तिला उभ्याने धरवणार नाही. दुर्बिणीसकट ७ ते साडेसात पौंड ही तिच्यासाठी मधली वाट. बाकी वजन काठ्यांवर किंवा मचाणाच्या कठड्यावर टेकवायचं. तिने टेकू न घेता मारायची गरजच पडता कामा नये.

साडेसात पौंडांची रायफल धरून हिशेब केला तर धक्का (फूट-पौंड या ऊर्जेच्या एककात) साधारण असा येतो: .२२३ ला ४ ते ५ फूट-पौंड, .३५० लेजेंडला ८ ते ९, .३०-३० आणि .२४३ दोन्हींना १० ते ११, ६.५ क्रीडमूरला १३ ते १४, ७ एमएम-०८ ला १५, .३०८ ला १७ ते १८, आणि १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळीसह .३०-०६ ला २३ ते २४. ८० पौंडांच्या मुलीला १०-११ च्या वर नेऊ नये असं माझं मत. वडिलांना जो झटका काहीच वाटत नाही तो त्यांच्या निम्म्या वजनाच्या पोरीच्या खांद्यावर किती मोठा असतो याचा अंदाज मोठ्यांना येत नाही, आणि पोरं वडिलांसमोर ‘दुखलं’ म्हणत नाहीत.

आता एकेक काडतूस.

.२२३: पेनसिल्व्हेनियात प्रत्येक बारानंतर हाताने भरायच्या सेंटरफायर रायफली (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पेटवणारी टिकली असलेल्या) चालतात, तेव्हा ते इथे नियमात बसतं. सगळीकडे बसत नाही: व्हर्जिनियात हरणासाठी किमान .२३ कॅलिबर लागतं, कोलोरॅडोत .२४. धक्का नगण्य, सरावाला उत्तम. पण हरणाला मारायचं तर ६० ग्रेनच्या वरची, हरणासाठीच बनवलेली गोळी, अंतर कमी, आणि हरीण अगदी आडवं उभं असताना. म्हणजे चुकीला जागा उरत नाही. आणि चूक तर नवशिक्याकडूनच व्हायची. त्यामुळे पहिल्या हंगामाला मी ते सुचवणार नाही. दुकानदार .२२३ म्हणून स्वयंचलित भरणीची रायफल पुढे करत असेल तर ती पेनसिल्व्हेनियात हरणासाठी चालतच नाही, हेही लक्षात ठेवा.

शेजाऱ्यांची .३०-३०: १८९५ पासून हे काडतूस हरणं पाडतंय आणि १०० यार्डांच्या आत आजही त्याला नावं ठेवायला जागा नाही. अडचण काडतुसात नाही, जुन्या लीव्हर रायफलीत (चापाखालची दांडी ओढून भरायच्या) आहे. दस्ता मोठ्या माणसाचा, मागे उतरता. गालाला तो वर उसळून लागतो. मागे बहुधा लोखंडी किंवा टणक प्लास्टिकची पट्टी, रबर नाही. आणि उघडा घोडा, म्हणजे बार उडवणारा बाहेरचा हातोडा. हरीण न मारता निघून गेलं तर चेंबरमध्ये जिवंत काडतूस असताना चाप दाबून घोडा अंगठ्याने हळूच खाली सोडायचा असतो. गारठलेला, हातमोज्यातला, लहान अंगठा तिथे निसटतो. ज्या जुन्या बंदुकीला वेगळी सेफ्टी नाही ती पहिल्या हंगामाला नको. तरी घेतलीच तर नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये टोकदार कडक गोळ्या कधीही घालू नका. तिथे एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर टेकलेलं असतं, आणि धक्क्याने ते मॅगझिनमध्येच उडू शकतं. चपट्या टोकाच्या गोळ्या, नाहीतर हॉर्नाडीच्या लीव्हरेव्होल्यूशनसारख्या मऊ रबरी टोकाच्या.

.३५० लेजेंड हे विंचेस्टरने २०१९ मध्ये आणलेलं सरळ पुंगळीचं (पुंगळी म्हणजे काडतुसाचं धातूचं नळकांडं) काडतूस. ओहायो, आयोवा अशा ठिकाणी, जिथे बाटलीच्या आकाराची रायफल काडतुसं हरणाला चालत नाहीत, तिथे मुलांसाठी पहिली पसंती हीच. पेनसिल्व्हेनियात ती सक्ती नाही, पण १५० यार्डांच्या आतलं झाडीतलं रान असेल तर इथेही वाईट नाही.

राहिली .२४३ आणि ७ एमएम-०८. दोन्ही .३०८ चीच भावंडं, मान आवळून बनवलेली; .२४३ विंचेस्टर १९५५ ची, ७ एमएम-०८ रेमिंग्टन १९८० ची. .२४३ मधून १०० ग्रेनची गोळी सुमारे २,९६० फूट प्रति सेकंद वेगाने निघते, अर्थात २४ इंची नळीतून. मुलांच्या १८-२० इंची नळीतून शंभरेक फूट कमी धरा. हरणाला ते पुरतं. तक्रार येते ती दोनच कारणांनी. एक, चुकीची गोळी. दोन, आरपार गेली तरी भोक लहान, त्यामुळे रक्ताचा माग बारीक.

माझी निवड ७ एमएम-०८, पण कमी धक्क्याच्या काडतुसांसह. हॉर्नाडीच्या कस्टम लाइट प्रकारात १२० ग्रेनची गोळी सुमारे २,६७५ फूट प्रति सेकंदाला सोडली आहे. धक्का १० फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे .२४३ इतकाच. ऊर्जाही जवळपास तितकीच, पण गोळी जाड आणि जड. मुलगी पंधरा-सोळाची झाली की त्याच रायफलीत नेहमीची १४० ग्रेनची काडतुसं घालायची, फक्त नेम नव्याने बसवायचा. दस्ता वाढवता येणारा असला तर ही बंदूक तिला कॉलेजपर्यंत पुरेल. मॉसबर्ग पेट्रियटच्या सुपर बँटममध्ये पट्टी घालून दस्ता १२ चा १३ इंच होतो. रूगर अमेरिकन कॉम्पॅक्टचा साडेबारा इंच आहे. कमी धक्क्याची काडतुसं तुमच्याकडे नियमित मिळत नसतील तर मात्र सरळ .२४३ घ्या. वर्षातून एकदा मिळणाऱ्या काडतुसावर बंदूक उभी करू नये.

.२४३ घेतलीत तर खोक्याच्या बाबतीत डोळ्यात तेल घालून बघा. या काडतुसात ५५ ते ७५ ग्रेनच्या गोळ्या कोल्हे-घुशींसाठी येतात. त्या पातळ सालीच्या असतात, लागताक्षणी फुटून तुकडे व्हावेत म्हणूनच बनवलेल्या. हरणाच्या खांद्याच्या हाडावर ती वरवर फुटते, मोठी भयानक जखम होते आणि फुप्फुसापर्यंत काही पोचत नाही. खोक्यावर हरणाचं चित्र आहे की कोल्ह्याचं, इतकं पाहिलं तरी निम्मी चूक टळते. ९५ ते १०० ग्रेन शिसं-तांब्याची हरणाची गोळी घ्या. त्यातही शिसं सालीला जखडलेली, म्हणजे फेडरल फ्यूजनसारखी, किंवा मधे पडदा असलेली नॉस्लर पार्टिशन .२४३ सारख्या लहान कॅलिबरला जास्त शोभते, कारण ती हाडावर विखुरत नाही.

सगळी तांब्याची गोळी, उदाहरणार्थ ८० ग्रेनची बार्न्स टीटीएसएक्स, हा आणखी चांगला पर्याय. ती वजन टाकत नाही, त्यामुळे हलकी असूनही आरपार जाते आणि मागासाठी दुसरं भोक मिळतं. मांसात शिशाचे कण राहत नाहीत, हेही घरात मुलं खाणार असतील तर महत्त्वाचं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं उमलायला, म्हणजे लागल्यावर पसरायला, वेग लागतो, म्हणून कमी वेगाच्या काडतुसात किंवा लांबच्या अंतरावर तिची खात्री कमी. शिवाय तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते. .२४३ च्या बहुतेक नळ्यांत १० इंचांत एक पीळ (आतल्या खाचांचा एक फेरा) असतो, त्यात लांबलचक गोळ्या डगमगतात. ८०-८५ ग्रेनपर्यंत काळजी नाही.

कुठलंही घ्या, पूर्ण तांब्याचं कवच असलेली लष्करी पद्धतीची गोळी नको. ती उमलत नाही, आणि पेनसिल्व्हेनियाचा नियमही सगळ्या शिशाची किंवा उमलणारीच गोळी मागतो.

दुर्बीण २-७ किंवा ३-९ पटीची, डोळ्यापासून साडेतीन-चार इंच अंतर देणारी. रानात ती ३ किंवा ४ वरच ठेवायची. ९ वर ठेवली की जवळचं हरीण भिंगात तपकिरी भिंतीसारखं दिसतं आणि पोरीला त्याचा खांदा कुठे ते सापडत नाही. कड्यांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पौंडांनी आवळा. ‘बंदुकीचा नेम हलला’ या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा सैल स्क्रू असतो. चाप तीन-साडेतीन पौंडांचा असू द्या. त्याहून हलका चाप हातमोज्यातल्या बोटाला कळत नाही.

नेम बसवायचं काम वडिलांनी करायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण नेम बसवताना वीसेक बार उडतात, तेही टेबलावर बसून, जिथे धक्का सगळ्यात जास्त जाणवतो. ते वीस बार मुलीच्या खांद्याने घ्यायचे नाहीत. आधी २५ यार्डांवर कागदावर आणा. पाव इंची क्लिकची दुर्बीण (बटणाचा एक टप्पा १०० यार्डांवर नेम पाव इंच हलवतो) असेल तर तिथे एक इंच सरकवायला १६ क्लिक लागतात, १०० यार्डांवर ४. मग १०० यार्डांवर तीन-तीन बारांचे गट, मधे नळी थंड होऊ द्यायची, आणि गट मध्यापासून दीड इंच वर बसवायचा. शेवटचे तीन बार मात्र तिचेच. तिचा गाल, तिची पकड वेगळी, त्यामुळे गट एखादा इंच हलू शकतो. तिच्या गटाप्रमाणे शेवटची दुरुस्ती करा.

तिचा खरा सराव .२२ वर (ही .२२३ नव्हे, धक्का जवळजवळ नसलेली लहान सरावाची रायफल). शक्यतो त्याच घाटाची, बोल्टची रायफल. उन्हाळाभर काही शे बार: बसून, गुडघ्यावर, काठ्यांवर. टेबलावर कमीत कमी. मोठ्या रायफलीचे एका दिवशी ८-१० बार, त्याहून जास्त नाही, आणि शेवट .२२ ने करायचा, म्हणजे दिवसाची आठवण गोड राहते. कानांना दुहेरी संरक्षण: आत फोमचे बोळे, वर मफ. सेंटरफायर रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि आखूड नळीत तो आणखी बोचतो. नळीच्या तोंडावर ब्रेक (वायू बाजूला सोडणारी छिद्रांची टोपी) बसवून धक्का कमी करायचा मोह होईल. तो मुलांच्या बंदुकीवर नको, कारण वाचलेला धक्का तो आवाजात परत करतो, आणि पोरं धक्क्याइतकीच आवाजालाही दचकतात.

दचकणं ओळखायची युक्ती: काडतूस वडिलांनी भरायचं, तिला न दाखवता, आणि अधूनमधून खोटं प्लास्टिकचं काडतूस घालायचं. चाप दबला, बार झाला नाही आणि नळीचं टोक खाली डुबकलं, तर ती दचकतेय. त्या दिवशी मोठी रायफल बंद. दोन-तीन आठवडे फक्त .२२ आणि घरी रिकाम्या बंदुकीवर चाप दाबण्याचा सराव, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

तिची मर्यादा किती यार्डांची, हे कागदी ताटलीने ठरवा. हरणाच्या फुप्फुस-हृदयाची जागा साधारण ८ इंच व्यासाची, पण ताटली ६ इंचांची घ्या, कारण रानात छाती धडधडत असते. काठ्यांवरून, कोट घालून, पाचच्या पाच बार ताटलीत बसतील ते सगळ्यात लांबचं अंतर तिचं. ७० यार्ड आलं तर ७०. पाचातले चार चालत नाहीत.

हरीण आडवं उभं, किंवा किंचित पलीकडे वळलेलं, एवढ्याच दोन स्थितीत मारायला सांगा. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेवर, अंगाच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर. तोंड तुमच्याकडे असलेलं, चालतं, मानेचं किंवा डोक्याचं, सगळं ‘नाही’. बार झाल्यावर लगेच दुसरं काडतूस चेंबरमध्ये, सेफ्टी लावलेली, आणि हरीण कुठे उभं होतं व कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं हे दोघांनी बोलून पक्कं करायचं. अर्धा तास बसून राहायचं. .२४३ चा माग बारीक असतो हे आठवून पहिल्या वीस-तीस पावलांत एकही पान न तुडवता शोधायचं.

कागदपत्रांचं थोडक्यात. १२ व्या वर्षी परवाना मिळतो, त्याआधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा वर्ग. या वयाला बरोबर प्रौढ लागतोच, आणि हंगामात डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच चमकता नारिंगी रंग. १८ च्या खालच्या व्यक्तीला परवानाधारक दुकानदार रायफल विकू शकत नाही, तेव्हा बंदूक तुमची, कुलपातली, किल्ली तुमच्याकडे. नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीची पुस्तिका वाचा.

काडतुसं एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) सहा खोकी एकदम घ्या. लॉट बदलला की गट हलू शकतो. एका खोक्यात २० येतात: दोन नेम बसवायला आणि पडताळायला, तीन तिच्या सरावाला, एक हंगामासाठी राखून. रानात तिच्या खिशात काडतुसं नकोत, ती वडिलांच्या खिशात, आणि त्या दिवशी वडिलांच्या खिशात दुसऱ्या कुठल्याही बंदुकीचं काडतूस नको. .२४३, .३०८ आणि ७ एमएम-०८ यांच्या पुंगळ्यांची बुडं सारखीच असतात, अंधारात बोटांना फरक कळत नाही. निघण्याआधी घरच्या दिव्यात प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचा शिक्का नळीवरच्या अक्षरांशी ताडून पाहा, आणि तो तिलाच मोठ्याने वाचायला लावा.